भुवई कुठवर गेली?

खंड्या ओळखायला अक्कल लागत नाही. तो तारेवर बसतो, निळा दिसतो आणि दिवा–रोहा गाडीच्या खिडकीतूनही चुकत नाही. माणसाची खरी परीक्षा घेतो तो वटवट्या.

दसऱ्याच्या आगेमागे हे पाहुणे हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून पेणच्या खारेपाटात नि रोह्याच्या झाडीत उतरतात. पोपटीची मडकी थंड होऊन आंबे पाडाला लागेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. वजन आठ-दहा ग्रॅम. रंग शेवाळी, नाहीतर मातकट, नाहीतर शेवाळीच पण जरासा मातकट. पुस्तकात हे सगळे एकाच पानावर, एका कुशीवर, लग्नातल्या फोटोसारखे शिस्तीत बसलेले असतात. कुंडलिकेकाठच्या करंजात मात्र आधी पोट दिसतं, मग शेपूट, मग नुसतं हलणारं पान.

अशा वेळी पक्षीनिरीक्षकांच्या गटातले ज्येष्ठ ओरडतात, ‘‘भुवई बघा, भुवई!’’ कारण सगळा निकाल तिथे आहे. ब्लिथच्या वटवट्याची फिकट भुवई डोळ्याशीच आटपते. भातशेतातल्या त्याच्या भाऊबंदाची डोळ्यामागे चांगली लांबवर जाते आणि तिच्या वरच्या अंगाला गडद कडही असते. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला ही रेघ एका नजरेत कळली असती. पण त्याचा गणपती पाटावर स्वस्थ बसतो, फांदीवरून उडून बांधापलीकडे जात नाही.

त्यातून बूटेड आणि साइक्स ही जोडी आली की मैत्री तुटायची वेळ येते. कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनचे पक्षी नोंदवताना आपल्या वटवट्याचं वर्णन केलं. पुढे विद्वानांनी त्याला बूटेडच्या पोटात घातलं आणि कालांतराने परत बाहेर काढलं. साइक्सची चोच लांब, शेपूट लांब. कशापेक्षा? तर बूटेडपेक्षा. म्हणजे बूटेड शेजारी येऊन बसायला हवा, आणि तो तसा कधी बसत नाही. पंखातल्या पिसांची लांबी मोजून बऱ्याच जाती पक्क्या करता येतात म्हणे, पण त्यासाठी पक्षी हातात लागतो.

हातात असला तरी काय होतं ते ह्यूमसाहेबांना विचारा. १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात त्यांना मोठ्या चोचीचा एक वटवट्या मिळाला. एकच. ही वेगळी जात की दुसऱ्याच कुणाचा विचित्र नमुना, यावर शंभरावर वर्षं वाद चालला. अखेर २००६ साली थायलंडमध्ये तसाच एक जाळ्यात सापडला आणि पिसातल्या डीएनएने त्याची ओळख पक्की केली. मग इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयात खण उघडून पाहिले, तर आणखी एक मोठचोच्या ब्लिथच्या वटवट्यांत गपचूप पडून होता! काँग्रेस स्थापन करणं ह्यूमना त्यामानाने सोपं गेलं असावं.

माझं मत विचाराल तर दुर्बीण खाली ठेवावी आणि कान उघडावेत. हिरवट पर्ण-वटवट्या शेंड्यावरून ‘चि-वी’ म्हणतो. ब्लिथचा झुडपाच्या पोटातून ‘चक्... चक्’ करतो, जेवायला उशीर झालेल्या सासऱ्यांनी जीभ टाळूला लावावी तसा. पण कान उघडे ठेवायचे तर आपण गप्प बसावं लागतं, आणि चार मराठी पक्षीनिरीक्षक एका झुडपाभोवती गप्प बसल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांचे ‘हाच तो’, ‘छे, तो नव्हेच’ चालू असताना तो पलीकडच्या बांधावर पोहोचलेला असतो.

नोंदीच्या यादीत ‘वटवट्या, जात अनिश्चित’ अशी एक सोय असते. ज्येष्ठ तिथे निःसंकोच खूण करतात. नवखे तिकडे फिरकतही नाहीत, त्यांना सगळे ओळखू येतात. रोह्याहून परतताना एका उत्साही पोराच्या यादीत तर थेट ह्यूमचा मोठचोच्याच निघाला. ज्येष्ठांनी चष्मा पुसून यादी दोनदा वाचली, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे त्याला द्यायला लावले.