एक्सेलचं विसर्जन : कबड्डी मंडळांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम 'अंतिम' फाइल शोधावी. मंडळाच्या कॉम्प्युटरवर 'सभासद_अंतिम', 'सभासद_अंतिम_नवीन' आणि 'सभासद_अंतिम_हीच_बघा' अशा तीन निघतील. खरी चौथी. ती खजिनदार अण्णांच्या पेनड्राइव्हवर असते आणि पेनड्राइव्ह देवघरात.

मिळाली की तिची सीएसव्ही करावी, कारण सॉफ्टवेअरवाला तेवढीच मागतो. साधी सीएसव्ही काढली तर देवनागरी नावं पुसली जाऊन जागोजागी प्रश्नचिन्हं उमटतात. (वर्गणीच्या बाबतीत आमचे निम्मे सभासद प्रश्नचिन्हच आहेत, त्यामुळे दोन दिवस कुणाला संशयच आला नाही.) म्हणून यूटीएफ-८ असं लिहिलेला पर्याय निवडावा. आधारचा रकानाही आधी 'टेक्स्ट' करून ठेवावा. नाहीतर १२ आकडे पाहून एक्सेल दमतं आणि शेवटच्या आकड्यांना सुट्टी देऊन टाकतं.

जन्मतारखेकडे विशेष लक्ष. कुमार गट म्हणजे २० वर्षांखालची, ७० किलोपर्यंतची मुलं. एखाद्याची तारीख भरायची राहिली आणि तो रिकामा रकाना फॉर्म्युल्याने दुसऱ्या शीटवर ओढला, की तिथे ००-०१-१९०० उगवतं. सॉफ्टवेअरने त्या शून्याचा परस्पर एक केला आणि आमचा डावा कोपरारक्षक रातोरात सव्वाशे वर्षांचा झाला. वजन ७१ भरलं, ते वेगळंच.

खरी परीक्षा रंगांची. अण्णांच्या फाइलीत पिवळा म्हणजे वर्गणी जमा. हिरवा म्हणजे दहीहंडीच्या पावतीत वळती केली. गुलाबी म्हणजे मागू नका, घरी अडचण आहे. हे कुठे लिहिलेलं नाही, अण्णांना विचारायचं. सीएसव्हीत रंग येत नाहीत, आणि सॉफ्टवेअरला 'भरली' नि 'थकीत' यापलीकडे काही कळत नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पहाटे सहाला सगळ्या गुलाबी घरांत थकबाकीचा मेसेज गेला. संध्याकाळी सरावाच्या वेळी एका पोराचे वडील घडी घातलेल्या नोटा घेऊन मैदानाच्या कडेला उभे. अण्णांनी त्या त्यांच्याच खिशात परत कोंबल्या. "मशीनचं काय मनावर घेता, चहा घ्या," म्हणाले.

तेव्हा शेवटची पायरी अशी : सॉफ्टवेअरमधून थकीत यादीची प्रिंट काढावी, अण्णांसमोर ठेवावी आणि नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून गुलाबी हायलायटर आणावा. दोन आणावेत. एक लगेच वाळतो.