खंजरी भजन स्पर्धेस सहकुटुंब जाण्याची रीत

कापसाची पहिली वेचणी आटोपून तूर शेंगेला आली, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून वणीपर्यंत, कोठल्या ना कोठल्या गावी मंदिरासमोरील पटांगणात खंजरी भजन स्पर्धेचा मंडप उभा राहतो. आणि वास्तविक भजन ऐकण्यास दोन कानांखेरीज कोणताही सरंजाम लागत नसताना, सहकुटुंब जाणाऱ्या गृहस्थास मात्र नाना प्रकारचा बंदोबस्त करावा लागतो. सबब नवख्यांच्या सोयीसाठी पुढील कलमे सादर केली आहेत.

कलम पहिले : प्रस्थान. ज्यांच्या खंजरीमुळे ही भजने विदर्भाच्या घरोघरी गेली, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानातील विश्वधर्म परिषदेस जाऊन आले; आपल्या कुटुंबास मात्र शेजारच्या गावी निघण्यासच दिवेलागण होते. तथापि घाबरण्याचे कारण नाही. स्पर्धेच्या पत्रकात प्रत्येक बक्षिसापुढे दात्याचे नाव छापलेले असते, ‘ठीक सात वाजता’ या शब्दांपुढे मात्र कोणाचेच नसते, हे ध्यानी घ्यावे म्हणजे दिरंगाईची चिंता उरत नाही.

कलम दुसरे : मुक्काम. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, घोंगड्या आणि कानटोप्या हे जिन्नस सोबत असावेतच. परंतु सर्वांत महत्त्वाची ती सतरंजी. ती अंथरताक्षणी तिच्या मध्यभागी आजीस कब्जेदार म्हणून बसवावे. कारण नुसत्या सतरंजीवरील हक्क कोणीही सरकवू शकतो, आजीस सरकविण्याचे धाडस अद्याप कोणत्याही स्वयंसेवकाने केलेले नाही.

कलम तिसरे : शेकोटी. रात्री दव पडू लागले, की खंजरीचे चामडे सैलावते आणि ते ताणून घेण्यासाठी मंडळांचे वादक शेकोटीभोवती जमतात. चतुर गृहस्थाने आपली जागा तेथून जवळ धरावी. आयती ऊब मिळते आणि पुढली पाळी कोणत्या मंडळाची, याची इतल्ला निवेदकाच्या आधी आपणांस पोहोचते.

कलम चौथे : अभिप्राय. परीक्षक ताल, सूर, शब्दोच्चार व गणवेश यांचे गुण कागदावर मांडीत असता प्रत्येक श्रोताही मनोमन तेच करीत असतो. त्यास हरकत नाही, परंतु ते गुण मोठ्याने जाहीर करू नयेत. शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ बहुधा मुख्य गायकाचा सासरा निघतो.

कलम पाचवे : गहाळ इसम. हरवलेल्या मुलाचा तपास प्रथम महाप्रसादाच्या बुंदीपाशी करावा; ध्वनिक्षेपकावरून पुकारा हा अखेरचा उपाय समजावा, कारण त्यात मुलापेक्षा बापाचीच प्रसिद्धी अधिक होते. व्यसनमुक्तीचे भजन सुरू होताच नेमके खर्रा घोटून आणण्यास उठणारे मामा मात्र हरवलेले समजू नयेत. भजन संपताच ते आपोआप परत येतात, आणि भजन कसे झाले हे तेच सर्वांना सांगतात.

कलम सहावे व अखेरचे : श्रवण. इतकी तजवीज करूनही पहाटे घरी परतताना गृहस्थाच्या ध्यानी येते, की सतरंजी, बुंदी आणि मामा यांच्या व्यवस्थेत भजन ऐकावयाचे राहूनच गेले. ऐकले ते एकट्या आजीने. यावर तोड एकच आहे. पुढील साली कुटुंबाचेच मंडळ नोंदवावे. खंजरी मामांच्या हाती द्यावी, म्हणजे खर्रा घोटण्यास हात मोकळा राहत नाही. मुलांस टाळ देऊन कोरसात बसवावे, म्हणजे ती हरवत नाहीत. चहा व भोजन आयोजकांकडे लागते. आणि आजीस पूर्ववत सतरंजीवरच ठेवावे, म्हणजे निदान एक खात्रीचा श्रोता हजर राहतो. शिवाय निकाल प्रतिकूल लागल्यास परीक्षकांच्या पक्षपाताविषयी तक्रार करण्याचा जो हक्क सामान्य श्रोत्यास कधीच लाभत नाही, तो आपल्या घराण्यास वंशपरंपरेने प्राप्त होतो.