चंद्र-सूर्य, जुन्या धाटणीत

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि बंगळुरूहून एक फोटो जगभर फिरला: काठपदराच्या साड्या, केसांत गजरे, इस्रोतल्या बायका खळखळून हसताहेत. त्या कामावर आल्या होत्या, फॅशन शोला नव्हे. पण बाजाराला साक्षात्कार व्हायचा तो झालाच. आता आजीच्या धाटणीच्या साडीवर छापील शनी, कानांत चंद्रकोर. झाली ‘व्हिंटेज’ खगोलप्रेमी तयार. दुर्बिणीला डोळा लावलाच पाहिजे असं थोडंच आहे!

जव्हार-मोखाड्यात परंपरा आणि आकाश ही जोडी फार आधी जमली आहे. वारली लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, वर सूर्य आणि चंद्र. हेच चित्र शहरी कुर्त्यावर चढलं की देवी गळते, लग्न गळतं; तारपा वाद्यावरचा नाच तेवढा उरतो आणि किमतीला एक शून्य चिकटतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, याची खबर छापखान्यापर्यंत पोचलेली नसावी.

जव्हार-मोखाड्याच्या आठवडी बाजारात गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं मात्र अजून दिसतं. त्याला ‘व्हिंटेज’ म्हणायची सोय नाही. ते रोजच्या वापरात आहे.