फक्त रिपोर्ट दाखवायचेत

ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला रांगेची शिस्त नाही, असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी स्टेशनबाहेरचा शेअर रिक्षाचा स्टँड पाहावा. पोलीस नाही, दोरी नाही, तरी रांग सरळ. मध्येच कोणी घुसला, तर मागून एका सुरात 'ओ काका!' येतं आणि काका मुकाट शेवटी जातात. हेच काका दवाखान्याची पायरी चढले, की मात्र त्यांचं नागरिकशास्त्र चपलांसोबत बाहेर राहतं.

काका नंबर लावत नाहीत. "फक्त रिपोर्ट दाखवायचेत," म्हणतात आणि आत शिरतात. रिपोर्टला अर्धं मिनिट लागतं. मग 'आलोच आहे तर' बीपी, बीपीनंतर घरी बसलेल्या काकूंचे गुडघे, आणि दार अर्धं उघडून 'जाता जाता एक विचारू?' बाहेर चौदा नंबरच्या बाईच्या मांडीवर पोर तापाने फणफणलेलं असतं. ती कंपाउंडरकडे बघते, कंपाउंडर पंख्याकडे.

काका आत बोलतात खूप, सांगत काहीच नाहीत. मोबाइलवर वाचून स्वतःच केलेलं निदान तपशीलवार ऐकवतात. पाच दिवसांची अँटिबायोटिक दुसऱ्याच दिवशी बंद केली, हे गिळतात. "कोणती गोळी चालू आहे?" "ती हो, पांढरी. छोटी." काढा आणि चूर्ण म्हणजे काही औषध नव्हे, म्हणून त्यांचा उल्लेखच नाही. शेवटी तक्रार एकच: "सुई टोचली नाही, मग पैसे कसले घेतले?"

डॉक्टरही काही संत नाहीत. पाटीवर सहा, हजेरी सातला, आणि आल्याबरोबर बॅगवाले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आत. पण त्याचा राग निघतो कोणावर? डॉक्टरसमोर आपण हात जोडतो. आवाज चढतो तो काउंटरवरच्या मुलीवर.

हात उठण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे. ऑगस्ट २००१ मध्ये शिवसेना नेते आनंद दिघे यांच्या निधनानंतर ठाण्याचं सिंघानिया रुग्णालय जमावाने पेटवलं. २०१० साली राज्याने कायदा केला: डॉक्टर, परिचारिका, कर्मचाऱ्यांवर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. दवाखान्यांनी त्याची पाटी लावली. पाटीखालच्या बाकावर बसून आपण ती वाचतो आणि विचारतो, "अजून किती वेळ?"

मग जुलै २०२५ उजाडला. कल्याण पूर्वेला नांदिवलीत मुलांच्या एका दवाखान्यात एमआर आत होते, म्हणून स्वागतकक्षातल्या तरुणीने एकाला थांबायला सांगितलं. वाद पेटला आणि तिला लाथ बसली. सीसीटीव्हीतलं ते चित्र राज्यभर फिरलं. लगेच चर्चा सुरू झाली, ती मराठी विरुद्ध परप्रांतीय अशी. पुढे आधीच्या क्षणांचं चित्रण आलं, तेव्हा पहिली थप्पड कोणाची यावर दुसरी फेरी झाली. कोण कुठला, कोणती भाषा बोलतो, सगळ्याचा छडा लागला. डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत माणसाने थांबावं की नाही, हा मुद्दा मात्र कोणी काढला नाही. साहजिक आहे. भाषेवर मत द्यायला अस्मिता पुरते; यावर मत द्यायचं, तर आधी आपल्याला नंबर लावून बसावं लागलं असतं.