पाण्यावर चालणारे काका

गाडी किती देते? मराठी माणूस हा प्रश्न गाडी घेताना विचारतो आणि विकताना त्याचं उत्तर दोन किलोमीटरनं वाढवून देतो. मधली दहा वर्षं बहुतेकांना त्याचा विसर पडलेला असतो. ज्यांना पडत नाही, ते मायलेजवाले काका. कोथरूडमध्ये दर विंगेला एक, अशा हिशोबानं हे काका आढळतात. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे असतात. "काय बिघडलं?" असं कुणी विचारलं तर त्यांना अपमान वाटतो. बिघडलेलं काही नसतं, हीच तर त्यांची अडचण असते.

पंपावर काका खाली उतरून मीटरवरचा शून्य डोळ्यांनी बघतात. ऑटो-कट झाला की "बस, राउंड फिगर करू नकोस" म्हणून पोराला दटावतात. सिग्नलला साठच्या वर सेकंद दिसले की इंजिन बंद. एसी पाहुण्यांसाठी, आणि दोन नंबरवर फक्त व्याह्यांसाठी. अॅव्हरेजचा आकडा ते मनात ठेवतात. वही ठेवत नाहीत, कारण गर्दीत गेलेलं पेट्रोल आणि खरं गेलेलं पेट्रोल यांतला फरक वहीला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं पैशासाठी चाललंय असं समजू नका. काकांना पेन्शन आहे, मुलगा जर्मनीत आहे. कंपनी म्हणते सोळा आणि आपण काढतो वीस, या वरच्या चार किलोमीटरांवर त्यांचा जीव आहे. कंपनीच्या शेकडो इंजिनियरांना जे सुचलं नाही ते आपल्याला बी विंगच्या पार्किंगमध्ये सुचलं, हे सुख पेन्शनमध्ये मिळत नाही. म्हणूनच त्यांनी बावीस हजार रुपये मोजून गाडीला हायड्रोजन किट बसवलं.

किट दिसायला छान असतं. एका डब्यात स्टीलच्या पट्ट्या, त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि चमचाभर पांढरी पावडर, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. बॅटरीचा करंट सोडला की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात आणि नळीवाटे एअर फिल्टरच्या पुढे इंजिनात जातात. या वायूला काका 'एचएचओ' म्हणतात, तेही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. फिटिंगच्या दिवशी त्यांनी पार्किंगमध्ये प्रात्यक्षिकच केलं. नळीचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवलं, बुडबुडे काढले आणि काडी लावली. फाट्‌कन आवाज झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी नोटीस काढली. हायड्रोजन जळतो हे सिद्ध झालं. त्यावर कुणाला शंका नव्हतीच. पण टाळ्या पडल्यावर पुढचा प्रश्न कोण विचारणार?

"तीस टक्के वाढ!" काका म्हणाले. "आणि लिटरभर पाणी महिनाभर पुरतं!"

हे दुसरं वाक्य ते मोठ्या अभिमानानं म्हणतात आणि तिथेच फसतात. लिटरभर पाण्यात हायड्रोजन असतो एकशे अकरा ग्रॅम. तो सगळाच्या सगळा काढला आणि जाळला तरी मिळणारी ऊर्जा अर्ध्या लिटर पेट्रोलहूनही कमी. काकांच्या गाडीला महिन्याला २५ लिटर लागतं. तीस टक्के वाढ म्हणजे जवळजवळ सहा लिटर वाचायला हवं. अर्धा लिटर आत गेला आणि सहा लिटर बाहेर आले, तर असं भांडं पुराणात आहे, पण ते द्रौपदीकडे होतं.

शिवाय तो अर्धा लिटरही फुकटचा नाही. किट साधारण बारा व्होल्टवर वीस अँपिअर ओढतं, म्हणजे २४० वॉट. ते देतो अल्टरनेटर, त्याला फिरवतं इंजिन, आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. अल्टरनेटरमध्ये निम्म्याच्या जवळपास गळती, इंजिनात तीन चतुर्थांश उष्णतेवाटे गायब. म्हणजे पेट्रोलमधले सोळाशे वॉट घालवून हाती येणारा हायड्रोजन जेमतेम १८० वॉटचा. सोळाशे भरून एकशेऐंशी उचलायची ही भिशी काका हौसेनं चालवतात.

हे मी त्यांना सांगून पाहिलं. काकांनी खांद्यावर हात ठेवला. "अरे, ऊर्जेचा प्रश्नच नाही. हायड्रोजननं पेट्रोल पूर्ण जळतं." हे ऐकायला फार शास्त्रीय आहे. पण धडधाकट इंजिनात आजही सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के पेट्रोल जळतंच. उरलेल्या दोन टक्क्यांतून तीस टक्के कसे काढणार? खरी नासाडी होते ती सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेत, आणि तिथे काकांची नळी पोचत नाही. उलट आत ऑक्सिजन जास्त आला की सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. त्यावरही इलाज आहे: सेन्सरचा निरोप बदलून ईसीयूला थापा मारणारी एक चिप, वर साडेतीन हजार. मग इंजिन अर्धपोटी चालतं, तापतं, आणि काका म्हणतात, "बघ, कसं गरमागरम पळतंय!"

काकांकडे पुरावे भरपूर. पहिला नासाचा. १९७७ साली नासानं पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिन चालवलं होतं, हे खरं. पण तो हायड्रोजन त्याच इंजिनाच्या बॅटरीनं पाणी फोडून काढलेला नव्हता, हे पान फॉरवर्ड होताना गळालेलं असतं. दुसरा पुरावा स्टॅन्ली मायरचा. ओहायोतल्या या गृहस्थानं पाण्यावर गाडी चालवली आणि तेल कंपन्यांनी त्याला विष घातलं, ही गोष्ट काका आवाज खाली आणून सांगतात. मायरनं ज्यांचे पैसे घेतले होते ते १९९६ साली कोर्टात गेले, कोर्टानं हा ढळढळीत फसवणुकीचा प्रकार ठरवला आणि पंचवीस हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये तो रेस्टॉरंटमध्ये कोसळून गेला. तपासात कारण निघालं मेंदूतली फुटलेली रक्तवाहिनी. काकांच्या आवृत्तीत कोर्ट नाही, रेस्टॉरंट मात्र आहे.

"बरं, मग गडकरींचं काय?" हा त्यांचा हुकमाचा पत्ता. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, तो फोटो काकांच्या मोबाइलमध्ये नातवाच्या फोटोच्या आधी आहे. त्या गाडीत हायड्रोजन बाहेरून, सातशे बारच्या दाबानं, टाकीत भरावा लागतो. फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते आणि मोटार चालते. काकांच्या डब्याशी तिचं नातं फक्त आडनावाचं.

आता यातला खरा विनोद भूगोलाचा आहे. काका रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जातात, आणि त्या टेकडीवर एआरएआय आहे, जिथे देशातल्या गाड्यांचं मायलेज रोलरवर चढवून अधिकृतपणे मोजलं जातं. किटवाल्याला तिथलं प्रमाणपत्र का मागत नाही, असं विचारलं तर काका म्हणतात, "ती कंपन्यांचीच!" हे अगदीच खोटं नाही, १९६६ साली वाहन उद्योगानंच सरकारबरोबर ती उभी केली. मग काकांनी स्वतःच चाचणी घेतली. लोणावळा ते खोपोली. बोरघाटात पाचशे मीटर खाली उतरताना डॅशबोर्डवर आकडा चाळीसच्या वर गेला, त्याचा फोटो ग्रुपवर आला. येतानाचा आकडा त्यांनी धरला नाही. "येताना ट्रॅफिक होता."

अशा काकांच्या घरात विज्ञान शिकलेलं एक माणूस बहुधा असतंच, फक्त त्याला विचारलं जात नाही. काकू ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. पाणी फोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ते परत जोडताना मिळते, हे त्यांनी फळ्यावर आयुष्यभर लिहिलं. घरात फळा नाही म्हणून त्या गप्प होत्या. पण दूध, पेपर आणि इस्त्रीच्या हिशोबाच्या डायरीत त्या पेट्रोलही लिहितात, लिटर आणि किलोमीटरसकट. किटाला वर्ष झालं त्या दिवशी त्यांनी डायरी काकांपुढे ठेवली. "अहो, किटाच्या आधीचं वर्ष, सोळा. नंतरचं वर्ष, सोळा."

काकांनी चष्मा लावून बेरजा तपासल्या. चूक सापडली नाही. त्यांचा चेहरा क्षणभर पडला आणि मग एकदम उजळला.

"म्हणजे बघ! वर्षभरात गाडी जुनी झाली, रस्ते खोदून ठेवले, तरी सोळा कायम! किट नसतं तर चौदाला आली असती!"

संध्याकाळपर्यंत ए विंगमधल्या दोघांनी फिटिंगवाल्याचा नंबर मागून घेतला. तीन गाड्या एकदम असल्या तर तो दोन हजार सोडतो म्हणे. काका तिसरा शोधताहेत.