भरताड-प्रवेशिका: दगड चकाकवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

तुम्ही व्हायब्रेटरी टंबलर विकत घेतलात. म्हणजे ‘दगड घासायला मशीन कशाला?’ हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे आणि तुम्हाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही. या छंदाची पहिली पात्रता तुम्ही पार केलीत. या पुस्तिकेत दगडांविषयी मात्र बेताचंच सांगितलं आहे. दगड कुणालाही सापडतात. झिलई येते ती दगडांच्या मध्ये जे भरलं जातं त्या भरताडामुळे, आणि नवशिक्याचा हात आखडतो तो नेमका तिथेच.

१. भरताड लागतंच का?

लागतंच. खचाखच भरलेल्या एसटीत ब्रेक कितीही करकचून लागला तरी उभा प्रवासी पडत नाही, कारण पडायला जागाच नसते. मशीनच्या वाटीतल्या दगडांची तीच सोय करायची आहे. वाटी साधारण ८० ते ९० टक्के भरलेली हवी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण इथे विसरा. इथे घाव बसला की टवका उडतो, आणि टवक्यातून देव घडल्याचं ऐकिवात नाही. तुमच्याकडे चांगले दगड पाचच असतील, तर उरलेली वाटी भरताडाने भरा. रस्त्यावरची खडी टाकून ती भरू नका.

२. आधी दगड ओळखा

महाराष्ट्रातला बराचसा मुलूख लाव्हारसाच्या खडकावर बसला आहे. त्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये अकीक आणि गारगोट्या तयार होतात, तसेच झिओलाइटही. अकीकाची कठीणता ६.५ ते ७, तर स्टिल्बाइट या झिओलाइटची जेमतेम ४. झिओलाइट सुंदर असतात, पण ते काचेआड शोभतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन खात्री करून घ्या. दोन्ही एकाच वाटीत घातलेत तर गव्हाबरोबर किडे रगडले जातील आणि तुमच्या हाती महागडा चिखल येईल. परीक्षा सोपी आहे. दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूवर चाकूचं टोक ओढा. चरा उमटला, तर तो दगड अकीकाच्या पंगतीला बसवू नका.

भेगाळलेले दगडही बाजूला ठेवा. हे मशीन आकार फारसा बदलत नाही, आहे तोच आकार चकाकवतं. भेगसुद्धा.

३. भरताडाची निवड

*सिरॅमिक:* तिरक्या कापाचे पांढरे दंडगोल, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे, शिवाय काही मोठे. दोन्ही मापं मिसळून घ्या. लहान दाणे ग्रिटला, म्हणजे घासणाऱ्या पुडीला, दगडाच्या खाचाखोचांपर्यंत नेतात, मोठे दाणे दगडांना एकमेकांपासून दूर ठेवतात. घेताना ‘न कापणारं’ आहे ना, हे विचारा. कारखान्यात लोखंडी भागांच्या कडांवरची बर काढायला वापरतात ते भरताड स्वतःच कापतं. ते घातलंत तर झिलई सोडून बाकी सगळं मिळेल. नव्या दाण्यांना धारदार कडा असतात, म्हणून त्यांना आधी जाड ग्रिटच्या फेरीत राबवून घ्या.

*प्लॅस्टिकचा दाणा:* स्वस्त आणि हलका. पाणी जरा जास्त झालं की वर येऊन तरंगतो आणि खाली दगड आपापसांत भांडत राहतात. शिवाय त्याच्या अंगात ग्रिट रुतून बसते. १२० च्या ग्रिटमध्ये फिरलेला दाणा पॉलिशच्या फेरीत घातलात, तर तो जुनं वैर विसरत नाही.

*अक्रोडाच्या कवचाचा चुरा, मक्याच्या बुरकुंडाचा भुसा:* फक्त कोरड्या, शेवटच्या फेरीसाठी. पाण्यात घातलात तर फुगतो.

*तांदूळ, साबुदाणा, मुलांच्या गोट्या:* पहिल्या दोघांची खीर होईल. काचेच्या गोट्यांचे टवके उडतील आणि मुलं बोलायची बंद होतील.

*बारीक गारगोट्या:* जुनं भरताड. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी कातडी पिशवीत घालून, दोन बाजूंनी दोघांनी ओढून घोळवत. आत कुरुंदाची पूड, अकीकाचाच चुरा आणि खूप मणी. मणीच मण्यांचं भरताड झाले! (त्याच खंबायतच्या कारागिरांना कोरड्या धुळीने सिलिकोसिसने गाठलं. दगड कापताना, घासताना पाणी हवंच. हे वाक्य गमतीत घेऊ नका.)

४. पाणी

चमच्याने. दगड ओले दिसावेत, बुडू नयेत. जास्त पाणी घातलंत तर ग्रिट तळाशी जाऊन झोपते. कमी घातलंत तर सगळ्याचा लगदा होऊन फेरा थांबतो. झाकण काढून पाहा. दगड एका बाजूने सावकाश वर येऊन दुसरीकडे बुडी मारत असतील, तर सारं ठीक आहे. नुसते जागच्या जागी थरथरत असतील, तर तुम्ही पाणी किंवा भरताड चुकवलंत. दोन्ही बरोबर असूनही तसंच होत असेल, तर दगड मशीनच्या मानाने मोठे आहेत.

५. धुणं

दर फेरीनंतर वाटी, दगड आणि भरताड तिन्ही धुवा. पॉलिशच्या फेरीचं भरताड वेगळ्या बरणीत ठेवा आणि बरणीवर नाव लिहा. पांढऱ्या दाण्यांकडे घरातलं कुणीतरी साखर समजून बघेल. गाळाचं पाणी मोरीत ओतू नका. गाळ पाइपात सिमेंटसारखा बसतो, आणि मग प्लंबरला ‘काय साचलंय?’ याचं खरं उत्तर द्यावं लागतं. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांपासून लांब टाका, गाळ वाळवून कचऱ्यात.

६. निकाल

मशीन रात्रंदिवस चालतं, तेव्हा ते खालच्या मजल्यावरच्या काकांच्या पलंगाच्या बरोबर वर नसेल, हे पाहा. दगड निघाले की टॉवेलवर पसरून पाहुण्यांना दाखवा. पाहुणे थोडा वेळ अकीकाकडे बघतील आणि मग बशीत उरलेले गुळगुळीत, पांढरे सिरॅमिकचे दाणे उचलून विचारतील, ‘हे कुठल्या नदीतले?’ त्यांना सांगा, गोदावरीतले. भरताडाचंही कधीतरी कौतुक व्हायला हवं.