घागरीवरचा पत्ता

आमच्याकडे वंशावळ हौसेनं कुणी काढत नाही. ती कुणीतरी मागतं म्हणून काढावी लागते. वारसनोंद करायची असते, जातीचा दाखला अडलेला असतो, आणि मग घरात पहिल्यांदाच प्रश्न निघतो: आजोबांच्या वडलांचं नाव काय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पणजोबा कुठल्या बांधावरून कुणाशी भांडले ते पाठ असतं, ते भांडण पुढे कुणी चालवलं तेही पाठ असतं. नाव विचारलं तर 'मोठे आबा'. आता 'मोठे आबा' हे नाव कुठला तलाठी वंशावळीत लिहून घेणार? (तलाठ्याचंही नाव आता बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण ते म्हणेपर्यंत त्याची जेवणाची सुट्टी होते.)

२०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावच्या पणजोबांना एकदम भाव आला. कुणबी इतर मागासवर्गात मोडतात, आणि त्या दाखल्याला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांनी उभ्या आयुष्यात कागदावर अंगठ्यापलीकडे काही उमटवलं नाही, त्यांचे कागद शोधत आमच्या मुळशी तालुक्यातली नातवंडं पौडला तहसील कचेरीत उभी राहिली. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना इतकी बोलावणी येऊ लागली की त्यांच्या घरच्यांनाही त्यांची किंमत कळली.

आम्ही मारुंजीचे. हिंजवडीला लागून असल्यामुळे आमचं गाव आता पुष्कळांना ठाऊक असतं, निदान गृहकर्जाच्या अर्जापुरतं तरी. पण आमची चौकशी संगणकाच्या कंपन्या यायच्या आधीच्या मारुंजीबद्दल होती, आणि त्या मारुंजीनं लिहून ठेवलेलं फारच थोडं. गाव नमुना चौदा, म्हणजे जुन्या लोकांचं कोतवाल बुक, त्यात जन्ममृत्यूची नोंद सापडते. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं 'मुलगा'. बरोबरच आहे, बारसं व्हायच्या आतच कोतवाल सांगून मोकळा. त्यामुळे अमक्याला मुलगा झाला एवढं सरकारदरबारी सिद्ध होतं. चार भावांपैकी तो कोणता, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं तर आमच्या घराण्यातले यच्चयावत पुरुष १ जूनला जन्मलेले. गुरुजींनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवून कान धरता येतो का पाहिलं, वर्ष अंदाजानं घातलं आणि तारीख सगळ्यांना सारखी वाटली. बायका त्या रजिस्टरात नाहीतच.

आजोबा मुंबईला गेले तिथून खरी मजा सुरू होते. मुळशी-मावळातून त्या काळी माणसं मुंबईला जायची ती कुणी डबे पोचवायला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात लागले. त्यांची पोस्टकार्डं आजीनं देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवली होती. मजकूर एकच: पैसे पाठवले आहेत, पोरांना जप, भाताचं काय झालं. पण आम्हाला मजकुराशी कर्तव्य नव्हतं, आम्ही कोपऱ्यातला पत्ता वाचत होतो. बीडीडी चाळ, डिलाईल रोड, मुंबई नं. १३. पुढे पिनकोड नाही, म्हणजे कार्ड बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं. पिनकोड आला तेव्हा याच १३ चे ४०००१३ झाले. तारखेवर चहा सांडलेला असला तरी कार्डाचा काळ असा ओळखता येतो. डिलाईल रोडचाही ना. म. जोशी मार्ग झाला आहे. आयुष्यभर कामगारांसाठी खपलेल्या माणसाचं नाव कामगारांच्या रस्त्याला मिळालं हे उत्तमच, पण कामगार शेवटपर्यंत डिलाईल रोडच म्हणत राहिले. नकाशात एक आणि तोंडात दुसरं असलं की नातवाची दुपार जाते.

सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० नंतर या चाळी बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२. एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आमच्या आजोबांच्या खोलीत गावाकडची आणि गावकीतली मिळून इतकी माणसं राहायची की झोपसुद्धा पाळ्यांमध्ये. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार. म्हणजे त्या पत्त्यावर आजोबांचं घर नव्हतं, वळकटी होती. मारुंजीच्या एका नव्या इमारतीत मी अलीकडेच एवढ्याच मापाची न्हाणीघर-बाल्कनी बेरीज पाहिली, तेव्हा त्या खोलीची आठवण निघाल्याशिवाय राहिली नाही.

गिरणीतही शोधलं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडानं तेरा तऱ्हेचे पुरावे चालतील असं सांगितलेलं आहे: तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, पगाराची पावती वगैरे. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर असल्याचं दाखवायचं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, आणि तो कधी मिटला हे अजून कुणी सांगत नाही. आजोबा त्याच्या पुष्कळ आधी गावी परतलेले, तेव्हा घराचा प्रश्न नव्हता. नुसतं नाव पाहायचं होतं. पण ते सुरुवातीला बदली कामगार. कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर यांनी उभं राहायचं. चुलतआजोबा सांगायचे की काही दिवस ते भलत्याच माणसाच्या तिकिटावर गेले. म्हणजे आम्ही ज्या कुणा सदाशिवाचं हजेरीपत्रक शोधायला हवं होतं, त्याचे आम्ही कुणीच लागत नाही.

लग्नाची नोंद मिळाली तर बरं, असं कुणीतरी सुचवलं. महाराष्ट्रात हल्लीचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा. ग्रामपंचायतीत जाऊन सह्या करायच्या आणि तीन साक्षीदार न्यायचे. आमच्या आजी-आजोबांना अख्खा गाव साक्षीदार होता, त्यामुळे कुणाची सही घ्यावी असं वाटलंच नाही. शिवाय आजीचा माग काढणं त्याहून अवघड. माहेरचं नाव एक, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं दुसरं. तिथे ती एका ओळीत संपते आणि पुढच्या ओळीत कुणी नवीनच बाई सुरू होते. देण्याघेण्याची 'याद' लिहिली होती म्हणे, खाली पंचांचे अंगठेही होते. ती वाळवीनं वाचली.

शेवटी आत्या म्हणाली, "अरे, माळ्यावरची भांडी काढा की. वाचायला येतं ना तुम्हांला?"

भांडी निघाली. चिंच लावून घासली, तशी खिळ्यानं ठोकून पाडलेली टिंबाटिंबांची अक्षरं वर आली. आहेराची घागर, परात, हंडा, पितळी डबे. कुणी दिलं, कधी दिलं, कुणाच्या लग्नात आणि कुठल्या चाळीतून, सगळं कोरलेलं. भांडीवाल्याकडे अक्षरावर पैसे पडत, म्हणून नावं आखूड. पण पत्ता कुणी गाळलेला नाही, कारण उलटा आहेर कुठे करायचा हे कळायला हवं. अशी चोख नोंद मी कुठल्याही कचेरीत पाहिलेली नाही. कोतवालाला जी पोरगी नुसतीच 'मुलगी' होती, ती इथे नावानिशी भेटली. दोन्ही नावांनी, एक माहेरच्या डब्यावर आणि एक सासरच्या हंड्यावर. साचेखात्यातल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेला एक तांब्यासुद्धा निघाला. आजोबा गिरणीत होते याचा आमच्याकडे असलेला एवढाच लेखी पुरावा. तेरा पुराव्यांच्या यादीत तांब्या नाही, याचं मला वाईट वाटलं.

घागरीवर मात्र एक नाव आलं जे कुणालाच लागेना. बाईचं नाव, नायगाव, बीडीडी चाळ. मी उत्साहानं वहीत टिपून घेतलं. नवी शाखा सापडल्याचा आनंद काही वेगळाच. आत्यानं चष्मा लावून अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा बदलला.

"ही होय! आईची मावसबहीण. हिच्याकडं आपली मोठी परात गेलीय, माझ्या लग्नात. अजून आली नाही."

नायगावच्या चाळींच्या जागी आता मनोरे उठताहेत, माणसं संक्रमण शिबिरात पांगली आहेत, असं मी तिला समजावून पाहिलं. तिला ते पटलेलं नाही. पत्ता आहे ना, मग माणूस सापडतो, असं तिचं म्हणणं. आणि सापडल्यावर वंशावळीचं मागाहून विचार, आधी परातीचं विचार, अशी तिनं मला ताकीद दिली आहे.